गॅरेजमध्ये दोन टन पुस्तकं येण्याआधी

पत्र, थोडक्यात : "मी ४१ वर्षांचा, शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. नोकरी आयटीत. आठ वर्षं दर शुक्रवारी आमच्या बेसमेंटमध्ये पाच-सहा जण जमून टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचा, फासे टाकत पुढे नेायचा गोष्टीचा खेळ) खेळतो; खेळवतो मीच. आता दख्खनचे गड, घाटवाटा आणि हेरगिरीवर बेतलेला माझा स्वतःचा खेळ लिहून झालाय. २४० पानं, पूर्ण रंगीत, जाड पुठ्ठ्याची बांधणी. चीनमधल्या छापखान्याने २,००० प्रतींसाठी नगाला ९ डॉलर सांगितलेत. किंमत ४५ डॉलर ठेवायची, पहिल्याच वर्षी तीन पुरवणी पुस्तकं काढायची आणि त्यासाठी घरावर ३२,००० डॉलर उचलायचे, असा बेत आहे. बायको म्हणते हा धंदा उतरणीला लागलाय. यूट्यूब म्हणतं सुवर्णकाळ चाललाय. कोणाचं ऐकू?"

बायकोचं ऐका. मात्र त्यांनी दिलेलं कारण बरोबर नाही, आणि ते समजून घेतलं नाहीत तर हीच चूक तुम्ही दोन वर्षांनी कराल.

या धंद्यात खेळणारे वाढतात म्हणून कंपनी तरते असं नाही. उलट बऱ्याचदा खेळ सगळ्यात गाजत असतानाच कंपनीचं दिवाळं वाजायला लागतं. तुमच्या शुक्रवारच्या टेबलाकडेच बघा. सहा जण खेळतात, पुस्तकं कोणी विकत घेतली? तुम्ही. बाकीच्यांनी फार तर फाशांचा एक संच घेतला असेल. एक पुस्तक आठ वर्षं पुरतं, झिजत नाही, संपत नाही, आणि खेळायला आणखी काही लागतही नाही. या जातीतला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, आणि त्याची आजची मालक विझर्ड्स ऑफ द कोस्ट; तिच्याच प्रमुखांनी डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांसमोर सांगितलं की खेळवणारे, म्हणजे डन्जन मास्टर, एकूण खेळाडूंत २० टक्क्यांच्या आसपास आहेत, पण पैसे मोजणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचाच आहे. ग्राहक एक, फुकट जेवणारे चार. खानावळ असती तर कधीच बंद पडली असती.

मग कंपनी काय करते? त्याच एका ग्राहकाला पुन्हा पुन्हा काहीतरी विकत राहते. इथून सगळी गडबड सुरू होते, आणि तुमची 'पहिल्या वर्षी तीन पुरवण्या' ही त्याच रस्त्यावरची पहिली पायरी आहे.

तुमच्या घरापासून लेक जिनिव्हा हे गाव गाडीने दीड तासावर आहे. तिथेच टीएसआर ही कंपनी उभी राहिली आणि तिथेच बुडाली. १९७४ च्या सुरुवातीला गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला तो १,००० खोक्यांचा. प्रत्येकात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, खोकी भरायचं काम गायगॅक्सच्या घरी. छपाईला पैसे नव्हते. ब्रायन ब्लूम हा भागीदार २,००० डॉलर घेऊन आला तेव्हा कुठे यंत्रावर कागद चढला. तो माल संपायला जवळजवळ वर्ष लागलं आणि मग पुढची छपाई झाली. ही शिस्त लक्षात ठेवा, कारण पुढच्या दहा वर्षांत ती पार सुटली. १९७९ मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला, वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला, आणि त्या बदनामीनेच खप उसळला. १९८३ मध्ये सीबीएस या टीव्ही वाहिनीवर शनिवारी सकाळी त्याचं कार्टून लागायचं. त्याच वर्षी कंपनीत नोकरकपात सुरू झाली! खप असाच दुप्पट-चौपट होत राहणार असं धरून माणसं भरली होती, गाड्या घेतल्या होत्या, एक भरतकामाच्या वस्तूंची कंपनीसुद्धा विकत घेतली होती, आणि जिनिव्हा तळ्याच्या तळाशी बुडालेलं जहाज वर काढायलाही हातभार लावला होता. १९८५ मध्ये कंपनी गायगॅक्सच्या हातून गेली.

पण तुमच्या कामाचा धडा त्याच्या पुढचा आहे. नव्वदीत टीएसआरने एकाच खेळासाठी एकामागून एक काल्पनिक जगं काढली. स्पेलजॅमर १९८९ मध्ये, रेव्हनलॉफ्ट १९९०, डार्क सन १९९१, अल-कादिम १९९२, प्लेनस्केप १९९४, बर्थराइट १९९५. आधीची ड्रॅगनलान्स आणि फरगॉटन रेल्म्स होतीच. प्रत्येक जगाची वेगळी पुस्तकं, वेगळे नकाशे, वेगळी खोकी. डार्क सनवाला रेव्हनलॉफ्टचं पुस्तक घेत नाही. ग्राहक वाढले नाहीत, जे होते तेच वाटले गेले. प्रत्येक पुस्तकाचा खप घसरला, पण चित्रकार, संपादक, छपाई यांचा खर्च पुस्तकामागे तेवढाच राहिला. नंतर नव्या मालकांनी वह्या उघडल्या तेव्हा काही खोकी चक्क तोट्यात विकली जात होती असं निघालं.

तरी कंपनी चालत कशी होती? पुस्तकांच्या दुकानांत टीएसआरचा माल रँडम हाउस या मोठ्या प्रकाशनसंस्थेमार्फत जायचा, आणि माल गोदामात पोचला की त्यावर आगाऊ पैसे मिळायचे. विकला गेल्यावर नव्हे, पोचल्यावर. हात आखडला की आणखी पुस्तकं छापून धाडायची, पैसे उचलायचे. उधारीवर गल्ला भरायची ही सवय १९९६ मध्ये अंगावर आली. न खपलेला माल ढिगाने परत आला आणि उचललेले पैसे देणं होऊन बसले. त्यात मॅजिक : द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ १९९३ पासून दुकानदाराची तीच फळी आणि पोरांचा तोच खिसा खात होता, त्याला उत्तर म्हणून काढलेल्या ड्रॅगन डाइस या फाशांच्या खेळाच्या पुढच्या संचांचाही ढीग साठला होता. छापखान्याचं बिल थकलं, छापखान्याने यंत्र थांबवलं, कित्येक महिने नवं पुस्तक नाही. १९९७ मध्ये त्याच मॅजिकवाल्या विझर्ड्सने टीएसआर विकत घेतली. खेळणारी माणसं त्या सबंध काळात टेबलांवर बसून खेळतच होती.

आता तुमचं गणित याच नजरेने बघू.

४५ डॉलरच्या पुस्तकाचे तुमच्या हातात ४५ येत नाहीत. दुकानदाराला ते साधारण निम्म्या किमतीत हवं असतं, आणि त्याला पुरवणारा हॉबी वितरक छापील किमतीच्या ४० टक्क्यांना उचलतो, म्हणजे १८ डॉलर. एका पुस्तकाच्या नव्या प्रकाशकाशी वितरक थेट बोलत नाही. मध्ये एक दलाली करणारी संस्था लागते, तिचा वाटा आणि वाहतूक जाऊन १५ राहतील असं धरा. छपाई ९, जहाजभाडं, बंदर आणि ट्रक मिळून दीड. प्रत घरी येईपर्यंत साडेदहा. चित्रं आणि संपादन स्वस्तात उरकलं तरी ६,००० डॉलर. म्हणजे २,००० प्रतींचे २१,००० आणि हे ६,०००, एकूण २७,०००. भागिले १५. तुमची १,८००वी प्रत विकली जाईल त्या दिवशी नुसतं मुद्दल वसूल होईल, व्याज बाजूलाच. आणि सगळ्याच्या सगळ्या प्रती खपल्या तर उरलेल्या २०० प्रतींवर हाती येतील ३,००० डॉलर. नव्या लेखकाच्या पहिल्या खेळाच्या २,००० प्रती दुकानांतून खपणं हे स्वप्न आहे, अंदाजपत्रक नव्हे. छापील किंमत घरपोच खर्चाच्या पाचपट तरी हवी असा या धंद्यातला आडाखा आहे; तुमची सव्वाचारपट होते.

शिवाय ते ठेवणार कुठे? लेटर आकाराचं २४० पानी, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक एक किलोच्या थोडं वर भरतं. १२ पुस्तकांचं एक खोकं, अशी १६७ खोकी, मिळून दोन टनांहून जास्त. ट्रकवाला ती पॅलेटवर रस्त्याच्या कडेला उतरवून जातो. लिफ्टगेट, म्हणजे ट्रकमागची माल उतरवायची फळी, हवं असेल तर ते आधी सांगून, पैसे भरून मागवावं लागतं. बेसमेंटमध्ये ठेवाल तर दमटपणाने पुठ्ठे वाकतात आणि वाकलेलं पुस्तक दुकानदार घेत नाही. गॅरेजमध्ये ठेवाल तर हिवाळाभर गाडी बाहेर.

रंगीत जाड पुस्तकाचा हट्ट कुठून येतो ते कळतं. विझर्ड्सची पुस्तकं तशी असतात, ५० डॉलरला मिळतात. पण ती लाखांत छापली जातात. त्यांची नक्कल करायचीच असेल तर दिसण्याची करू नका, वेळापत्रकाची करा. २०१४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती आली तेव्हा मूळ नियम फुकट उतरवून घेता येत होते, आणि पहिली काही वर्षं वर्षाला दोन-तीनच मोठी पुस्तकं निघाली. नव्वदीतल्या चुकीचं हे सरळ उत्तर होतं, आणि ते चाललं. क्रिटिकल रोल हा खेळतानाचा वेब-कार्यक्रम, स्ट्रेंजर थिंग्ज ही मालिका वगैरे मदतीला आले, पण दुकानात शिरलेल्या नव्या पोराला 'कुठलं पुस्तक घेऊ' याचं एकच उत्तर मिळत होतं, हे त्याहून मोठं. दुसऱ्याच्या नियमांवर आपली दुकानं थाटणाऱ्यांचं काय होतं तेही बघून ठेवा : २००० मध्ये विझर्ड्सने नियमांचा गाभा खुल्या परवान्यावर दिला, शेकडो छोट्या प्रकाशकांनी 'डी२०' हा सुसंगततेचा शिक्का मारून पुस्तकं काढली, फळ्या ओसंडून वाहिल्या, आणि जुलै २००३ मध्ये साडेतीनवी आवृत्ती आली तेव्हा तो सगळा माल एका रात्रीत शिळा झाला. कितीतरी प्रकाशक त्यातच संपले.

तुमचा खेळ कुठल्या नियमांवर उभा आहे ते पत्रात नाही. पाचव्या आवृत्तीवर असेल तर आज धोका कमी आहे. जानेवारी २०२३ मध्ये कंपनी जुना खुला परवाना मोडीत काढू पाहतेय असा मसुदा फुटला, खेळाडू खवळले, आणि महिना संपायच्या आत पाचव्या आवृत्तीचा '५.१' हा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली मोकळा झाला. तो परत घेता येत नाही. अट एवढीच की संचात दिलेला श्रेयउल्लेख जसाच्या तसा छापायचा. 'पाचव्या आवृत्तीशी सुसंगत' म्हणता येतं. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हे नाव किंवा त्याचं चिन्ह मुखपृष्ठावर नको.

आम्ही सुचवतो तो रस्ता छोटा आहे आणि थोडा कंटाळवाणा.

आधी ३२ पानं काढा. त्यात खेळायला लागणारे नियम, चार तयार पात्रं, आणि एका बैठकीत संपेल अशी एक मोहीम. एका रात्रीत गडावर शिरून एक पत्र पळवायचं, एवढीच. ही पीडीएफ फुकट किंवा 'वाटेल ते द्या' या दराने ड्राइव्हथ्रूआरपीजी आणि इच.आयओ या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळांवर ठेवा. मग आपल्या ओळखीच्या नसलेल्या पाच टोळ्यांना ती खेळवायला द्या आणि तुम्ही तिथे बसू नका. हे फार महत्त्वाचं आहे. आठ वर्षांत तुमच्या मंडळींना नियम तोंडी कळलेत. पुस्तकात काय राहून गेलंय ते त्यांना दिसणारच नाही. परकी माणसं कुठल्या पानावर अडखळली, कुठला फासा कोणी टाकायचा यावर कुठे वाद झाला, 'चोरदिंडी' म्हणजे काय हे कोणी विचारलं, ते लिहून मागवा. अमेरिकन वाचकासाठी चोरदिंडी, किल्लेदार, हवालदार हे शब्द ठेवा, फक्त प्रत्येकाचा उच्चार आणि एक ओळ अर्थ त्याच पानावर हवा, मागच्या शब्दसूचीत नको. टेबलावर बसलेला माणूस मागे जाऊन बघत नाही.

तीन महिन्यांनी कोणी दुसऱ्यांदा खेळल्याचं कळलं, तर किकस्टार्टर, म्हणजे छपाईआधीच लोकांकडून पैसे जमवायचं संकेतस्थळ. पुस्तक ११२ पानी, सहा बाय नऊ इंची, काळं-पांढरं, साधी बांधणी, मुखपृष्ठ तेवढं रंगीत. छापील प्रत २८ डॉलर, नुसती पीडीएफ १२. समजा ३०० जण आले, १८० छापील आणि १२० पीडीएफवाले. जमा ६,४८०. किकस्टार्टरचे ५ टक्के, कार्ड-प्रक्रियेचे ३ टक्के आणि वर प्रत्येकी २० सेंट. शिवाय काही कार्डं ऐनवेळी नापास होतात. एकंदर ९ टक्के सोडा, उरले सुमारे ५,९००. अडीचशे प्रतींची डिजिटल छपाई पाच डॉलरने १,२५०. पाकिटं १८०. चित्रं २,०००, संपादन १,०००. हातात १,४७० डॉलर आणि ७० जादा प्रती. यावर कोणी श्रीमंत होत नाही, पण घराची कागदपत्रंही बँकेत जात नाहीत. ३०० च्या जागी ८०० आले तर त्या मापाने छापा. आधी मागणी, मग कागद.

टपालखर्च किकस्टार्टरच्या किमतीत घालू नका. पुस्तकं तयार झाल्यावर, त्या वेळच्या दराने वेगळा मागा. तीन पौंडांच्या आतलं पुस्तक देशात मीडिया मेल या पुस्तकांसाठीच्या स्वस्त टपालसेवेने सहा डॉलरच्या आसपास जातं. त्याच पाकिटात फासे टाकलेत की तो स्वस्त दर लागू होत नाही, म्हणून फासे नकोतच. पुण्या-मुंबईच्या मित्रांना पीडीएफच द्या. इथून पाठवायचा खर्च पुस्तकाहून जास्त होईल.

आणि जादा बक्षिसांचा मोह! रक्कम वाढत चालली की माणूस बोलून जातो : कापडी नकाशा देऊ, नाणी देऊ, खेळवणाऱ्यासमोर उभा करायचा पडदा देऊ. प्रत्येक वस्तूचा कारखाना वेगळा, उशीर वेगळा, वजन वेगळं, आणि सगळ्यात उशिराची वस्तू सगळं पार्सल अडवून धरते. केऑसियम ही १९७५ पासूनची मुरलेली कंपनी. कॉल ऑफ कथुलू या आपल्या खेळाच्या सातव्या आवृत्तीसाठी २०१३ मध्ये तिने किकस्टार्टरवर साडेपाच लाख डॉलरच्या वर जमवले, आणि कबूल केलेल्या वस्तू व त्या पाठवायचा खर्च यांतच ती इतकी रुतली की २०१५ मध्ये संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड यांना परत येऊन कारभार हाती घ्यावा लागला. तुम्हाला काही वाढवायचंच असेल तर पीडीएफमध्ये आणखी एक मोहीम वाढवा. तिला वजन नसतं.

किकस्टार्टर जानेवारी-फेब्रुवारीत लावा, ऑक्टोबरमध्ये नको. पैसे डिसेंबरात आले आणि छपाईचं बिल पुढच्या वर्षी पडलं, तर न कमावलेल्या नफ्यावर कर भरायची वेळ येऊ शकते. एकदा कर-सल्लागाराशी बोलून घ्या. खातं वेगळं, एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) वेगळी. वेस्ट एंड गेम्सकडे १९८७ पासून स्टार वॉर्सचा खेळ होता. १९९८ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्यामागे तिच्या मालकांचाच बूट आयात करायचा धंदा होता. दोन धंद्यांचे पैसे एकमेकांत गुंतले की चालणारा धंदाही न चालणाऱ्याबरोबर जातो. तुमच्या बाबतीत न चालणारा कुठला असेल ते सांगायला नको, आणि चालणारं म्हणजे तुमचं राहतं घर.

किकस्टार्टरनंतरची मागणी ड्राइव्हथ्रूच्या मागणीनुसार-छपाईवर सोडा. पीडीएफवर ते तुम्हाला ६५ टक्के देतात, फक्त त्यांच्याकडेच विकलंत तर ७०. इच.आयओवर त्यांचा वाटा तुम्हीच ठरवता, न बदलल्यास १० टक्के जातात. छपाईची फाइल मात्र पहिल्या फेरीत परत येते हे गृहीत धरा : पीडीएफ एक्स-१ए प्रकारची हवी, कडेला आठवा भाग इंच जादा चित्र हवं, आणि चार शाईंची बेरीज २४० टक्क्यांच्या वर गेली की ती अडते. रात्रीच्या गडाचं मुखपृष्ठ असेल तर तिथेच अडकाल. दाट काळ्यात चारही शाया भरलेल्या असतात. विक्री सुरू करण्याआधी नमुना प्रत मागवावीच लागते. ती आली की पहिल्यांदा बांधणीकडचा समास बघा; तक्त्यांचे शेवटचे आकडे तिथेच गिळले जातात.

पुस्तकांच्या दुकानांसाठी कोणी 'परतीची सोय' ठेवायला सांगेल. ठेवू नका. हॉबी वितरक सहसा माल कायमचा विकत घेतो. पुस्तकबाजारात तो परत येतो आणि परतीचा भुर्दंड तुमच्या नावावर पडतो. वितरकाच्या गोदामात 'विकल्यावर पैसे' या बोलीवरही माल ठेवू नका. जानेवारी २०२५ मध्ये डायमंड ही मोठी वितरक कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा अशा बोलीवर ठेवलेला माल नक्की कोणाचा यावर प्रकाशकांना कोर्टात भांडावं लागलं.

त्या ७० जादा प्रतींपैकी २० जवळच्या पाच दुकानांना चार-चार द्या, निम्म्या दराने, रोखीत. त्या दुकानात महिन्यातून एकदा खेळवायला बसायची तयारी असेल तरच द्या. खेळवणारा नसलेलं पुस्तक फळीवरून हलत नाही. पुरवण्यांचा विषय पहिली ५०० पुस्तकं गेल्याशिवाय काढू नका, आणि काढलीत तर ती मोहीम असू दे, नवे नियम नकोत. नवे नियम काढलेत की तुमचेच गिऱ्हाईक दोन भागांत वाटले जाते.

आणि मार्चमध्ये लेक जिनिव्हाला गॅरी कॉन हे खेळाडूंचं संमेलन भरतं. स्टॉल घेऊ नका, नुसती चार टेबलं खेळवायला नोंदवा, प्रत्येकी चार तास, सहा खेळाडू. वर्णनात 'नियम माहीत नसले तरी चालेल' एवढं लिहा. पात्रांचे कागद दुप्पट न्या, पेन्सिली न्या, आणि ३२ पानांच्या पुस्तिकेच्या ३० प्रती साध्या स्टेपल मारून न्या. चौथ्या टेबलावर किती जण आधीच्या टेबलावरून परत आले ते मोजा, आणि तो आकडा घरी बायकोला दाखवा.